लांबीखालचा गंज आणि आपल्या धंद्याची पत

पावसाळा संपून दिवाळी जवळ आली की कोकणातल्या आणि घाटावरच्या गॅरेजांत जुन्या जीपगाड्या उभ्या राहू लागतात. कुणाचा फ्लोअर सडलेला असतो, कुणाच्या मडगार्डाला भोक पडलेले असते, कुणाच्या विंडस्क्रीनच्या चौकटीतून पाणी आत येत असते. मालकाचे म्हणणे सगळीकडे एकच असते : "उस्ताद, गाडी नव्यासारखी करून द्या, पण खर्च कमी ठेवा." आणि मग बहुतेक ठिकाणी जे होते ते आपल्या व्यवसायातल्या कुणाला सांगायला नको. गंज वरवर घासला जातो, भोकावर पातळ पत्र्याचे ठिगळ टेकवले जाते, त्यावर बोटभर लांबी (पुट्टी) चढते आणि तिच्यावर चकचकीत रंग. गाडी फुलांची माळ घालून बाहेर पडते. पुढच्या आषाढात रंगाला फोड येतात आणि गिऱ्हाईक चारचौघांत सांगत फिरते की अमक्याने फसवले.

डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग, भंगार आणि जुने सुटे भाग या व्यवसायांवर आपल्या समाजातील फार मोठ्या संख्येने कुटुंबांची रोजी चालते. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर एक फेरी मारली तरी हे ध्यानात येईल. म्हणून स्पष्ट लिहितो. लांबीवर चालणारा धंदा आता फार दिवस टिकणार नाही. टिकेल तो पत्र्याचा धंदा. जुन्या जीपगाडीचे काम हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

गाडी जुनी, मागणी नवी

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेत १९४१ पासून विलीज कंपनीने ती लष्करासाठी बनवली. आपल्याकडे ती जुळवण्याचे काम १९४७ मध्ये मुंबईत सुरू झाले. ते करणारी कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झाली होती आणि तिचे पहिले नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. पुढे सीजे ३बी, एमएम ५४०, कमांडर, मेजर अशा गाड्या आल्या. साताऱ्या-कोल्हापुराकडचे वडाप, शेतकऱ्याचा भाजीपाला, वनखात्याची गस्त, कोकणातल्या आडगावची वऱ्हाडे ही सगळी याच गाड्यांनी वाहिली.

आज वडापाच्या जागी दुसऱ्या गाड्या आल्या. पण जुन्या जीपची किंमत कमी झाली नाही, उलट हौशी लोकांत वाढली. डॉक्टर, बागायतदार, परदेशात नोकरी करून परतलेले लोक तिच्या शोधात असतात. हरियाणातल्या मंडी डबवालीचा बाजार तर जीपच्या बॉड्यांसाठी देशभर ठाऊक आहे. युद्धकाळातल्या विलीजच्या संपूर्ण बॉड्या फिलिपिन्समध्ये नव्याने बनून जगभरच्या शौकिनांकडे गेल्या आहेत. याचा अर्थ एवढाच की पत्र्याच्या चांगल्या कामाला पैसे मोजणारे गिऱ्हाईक जगात आहे. ते आपल्या दारात येते तेव्हा आपण त्याला काय देतो, हा प्रश्न आहे.

गंज घासून जात नाही

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. मीठ असेल तर तो कितीतरी वेगाने चढतो, म्हणून रत्नागिरी, मुरुड, मालवणकडच्या गाडीचा पत्रा नाशिक-नगरच्या गाडीपेक्षा आधी जातो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारी हवा असते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. त्यामुळेच दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज जोड फुगवतो, टाके तोडतो आणि रंग वर उचलतो. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. वरून रंग मारला म्हणजे आतला गंज गुदमरून मरतो ही आपल्याकडची समजूत खोटी आहे. आत ओल आणि हवा पोचत असेल तोवर तो खातच राहतो.

जीपमध्ये हा गंज कुठे बसतो ते ठरलेले आहे. पाय ठेवतो त्या फ्लोअरवर, रबरी मॅटच्या खाली. फ्लोअरच्या खालून जाणाऱ्या टोपीच्या आकाराच्या चॅनलमध्ये. मागच्या चाकांच्या कमानीत, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, टूलबॉक्सच्या तळाशी, विंडस्क्रीनच्या चौकटीच्या खालच्या पट्टीत आणि बॉडी जिथे चेसिसवर बसते त्या रबरांच्या ठिकाणी. युद्धकाळच्या जीपमध्ये या टोपी चॅनलच्या आत लाकडी पट्टी असे. तिने पाणी शोषले की चॅनल आतून सडत असे आणि वरून काही दिसत नसे.

लांबी वाईट नाही, तिचा वापर वाईट

लांबीला शिव्या देण्यात अर्थ नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचा दोन-तीन मिलिमीटरचा उंचसखलपणा भरण्यासाठी ती बनलेली आहे. भोक बुजवण्यासाठी बनलेली नाही. तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल शोषते. त्यात आपल्याकडे लांबी चढवली की पाणी मारून वॉटर पेपरने घासायची सवय. ते पाणी लांबीत मुरते, वरून प्रायमर आणि रंग बसतो, आणि पाणी आत अडकते. पहिल्या पावसात जे फोड येतात त्यातले अनेक पावसाचे नसून आपल्याच बादलीतल्या पाण्याचे असतात. लांबी कोरड्या पेपरने घासावी आणि तिच्यावर प्रायमर चढल्यावरच, हवे असेल तर, पाण्याचा पेपर वापरावा.

रंगाचा हंगामही पाळावा. भर पावसाळ्यात एन.सी. पेंट मारला की दमट हवेने त्यावर पांढरट झाक येते. पत्र्याचे काम पावसाळ्यात छपराखाली होऊ शकते, पण रंगाचे काम दिवाळी ते मे या दिवसांतच धरावे, आणि हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

काम कोणत्या क्रमाने व्हावे

पहिले काम खोलण्याचे. सीट, मॅट, टूलबॉक्स, हूडच्या दांड्या काढल्याशिवाय कुणीही खर्चाचा आकडा सांगू नये. चुंबक फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे आधीच्या कुणाची तरी लांबी आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावे. चांगला पत्रा वाजतो, सडलेला बद्द बोलतो. टोच्या घालून पाहावा. गिऱ्हाईक समोर उभे असताना टोच्या आरपार गेला तर पुढचे निम्मे भांडण तिथेच मिटते.

दुसरे काम सुरक्षेचे. या जुन्या जीपमध्ये तेलाची टाकी बहुधा ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे सडलेल्या फ्लोअरला लागूनच. ती काढून दूर ठेवल्याशिवाय गॅस किंवा वेल्डिंग पेटवू नये. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. बॅटरीच्या ताराही सोडवाव्यात.

तिसरे काम बांधण्याचे. जीपच्या बॉडीला बंद दरवाजे आणि छप्पर नसते. फ्लोअर कापला की ती आकार सोडते. म्हणून कापण्याआधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत आडवे अँगल टाकून बॉडी जखडावी आणि मापे लिहून ठेवावीत. हे न केल्याने नवा फ्लोअर बसतो, पण बोनेट आणि ग्रिल पुन्हा जुळत नाहीत.

मग कापावे. स्वच्छ, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापावे. गंजाची कडा वाचवण्यात काटकसर नाही, कारण तिथे टाका धरत नाही. फ्लोअरसाठी १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा सी.आर. पत्रा घ्यावा, अधिक ताणाच्या चॅनलसाठी १६ गेज. जी.आय. पत्रा वापरायचा तर वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त घासून काढावे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. पातळ पत्र्याला गॅसची उष्णता फार लागते आणि पत्रा लाटा धरतो. शक्य तिथे सीओटू वेल्डिंग वापरावे. तेही एका रेषेत सलग ओढू नये. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यावे. ठिगळ पत्र्यावर पत्रा चढवून बसवण्यापेक्षा कडेला कड भिडवून बसवावे. चढवलेल्या पत्र्याच्या फटीत पाणी राहते आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. चढवणे भागच असेल तर आत जस्ताचा प्रायमर लावावा आणि जोड सीलरने बंद करावा.

शेवटी ज्या बाजूकडे कुणी बघत नाही ती बाजू. ठिगळाची मागची बाजू, चॅनलचा आतला भाग, फ्लोअरचा तळ. कापून टाकता न येणाऱ्या जागी उरलेला गंज वायर ब्रशने काढून फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावावे, ते धुऊन सुकवावे, मग एपॉक्सी प्रायमर द्यावा. बंद चॅनलमध्ये मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे. फ्लोअरची पाणी जाण्याची भोके बुजवू नयेत. खालून जळके ऑइल फासण्याची आपली जुनी रीत सोडावी, त्याने रबरी बुश खराब होतात आणि धूळ चिकटते. आणि गाडी देताना मालकाला एवढे सांगावे की पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून फ्लोअर वाळवा. हा सल्ला फुकटाचा आहे, पण आपल्या कामाचे आयुष्य वाढवणारा आहे.

चेसिसशी तडजोड नको

फ्लोअर सडला तर पाय ओला होतो. चेसिस सडली तर माणसे मरतात. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, पाट्यांचे हँगर आणि शॅकल, मागचा क्रॉस मेंबर, या जागा बॉडी उचलून वायर ब्रशने साफ करून बघितल्या पाहिजेत. चेसिसला पट्टी लावायचीच झाली तर तिची टोके तिरकी कापावीत. सरळ उभ्या रेषेत वेल्डिंग केले तर सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि चेसिस नेमकी तिथेच चिरते. जिथे लोखंड कागदासारखे पातळ झाले आहे तिथे काम नाकारावे. त्या दिवशी दहा हजार रुपये गेले असे वाटेल. पण एखाद्या घाटात स्टिअरिंग सुटले तर त्या हातांनी केलेली वेल्डिंग कुणाची होती हे साऱ्या तालुक्याला कळते, आणि आपल्यालाही रात्री झोप लागत नाही.

"गिऱ्हाईकालाच स्वस्त हवे"

या लेखावर पहिला आक्षेप हाच येईल, आणि तो खोटा नाही. लहान गॅरेजवाल्याला रोजचे भाडे, वीज आणि मुलांचा पगार काढायचा असतो. गिऱ्हाईक समोरच्या गॅरेजात जाईल ही भीती खरी आहे. परंतु हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत.

समजा लांबीचे काम ८,००० रुपयांत घेतले. माल ३,००० चा, दोन माणसे चार दिवस. उरले ५,०००, म्हणजे आठ हजेऱ्यांना दर हजेरी ६२५. आषाढात गाडी परत आली. गावात तोंड दाखवायचे म्हणून दोन माणसांनी दोन दिवस फुकट काम केले, १,००० चा माल गेला. आता उरले ४,०००, हजेऱ्या झाल्या बारा. दर हजेरी ३३३ रुपये. उलट पत्र्याचे पुरे काम ४५,००० ला घेतले, माल आणि गॅस १३,००० चा, दोन माणसे सोळा दिवस. उरले ३२,०००, हजेऱ्या बत्तीस, दर हजेरी १,०००. आणि ती गाडी परत येत नाही, तिच्यामागून दुसरी येते.

गिऱ्हाईकाकडे खरोखरच पैसा नसेल तर दोन रस्ते आहेत. एक, काम हप्त्याहप्त्याने करावे : या वर्षी चेसिस आणि फ्लोअर, पुढच्या वर्षी बाजूचा पत्रा, रंग शेवटी. आज आपण बरोबर उलटे करतो, रंग आधी देतो कारण तो दिसतो. दोन, वरवरचेच काम हवे असेल तर बिलावर लिहून द्यावे की हे तात्पुरते काम आहे, गंज काढलेला नाही, याची हमी नाही. असे लिहून देण्यात लाज नाही. लाज लपवण्यात आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवून देणारा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकला आहे. मालाचा ऐब वर ठेवायचा, खाली दडवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. लांबीखालचा गंज याहून वेगळा नाही. जुनी जीप रंगवून विकणाऱ्या दलालांनीही तो लक्षात घ्यावा, कारण पुष्कळदा लांबीचा हुकूम त्यांचाच असतो.

कागद, फोटो आणि कायदा

आपल्या धंद्यातली सर्वांत मोठी उणीव हातात नाही, कागदात आहे. खोलून पाहण्याचे वेगळे पैसे घ्यावेत आणि त्याची पावती द्यावी. खोलल्यावर अंदाजपत्रक तीन भागांत लिहावे : चेसिस, पत्रा, रंग. प्रत्येक भागाचा आगाऊ पैसा वेगळा. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. कापण्याआधी, कापल्यावर आणि प्रायमरनंतर असे फोटो काढून मालकाला पाठवावेत. कापलेले सडके तुकडे पोत्यात भरून गाडीबरोबर द्यावेत. पोते पाहिले की बिलावर घासाघीस करणारा माणूसही गप्प बसतो.

कायद्याची जाण हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर तपासणी होऊन ५-५ वर्षांनी वाढते. ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरण जाहीर झाले तेव्हा अनेकांना वाटले की जुनी गाडी आता सरळ कापलीच जाणार. महाराष्ट्रात केवळ वय झाले म्हणून खासगी गाडी भंगारात जात नाही. पण खर्च वाढला आहे. १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. एवढे भरून जो गाडी ठेवतो तो ती टिकावी म्हणूनच ठेवतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. सडलेला पत्रा काढून तसाच पत्रा बसवणे ही दुरुस्ती झाली. गाडीची लांबी-रुंदी बदलणे, चेसिस कापून जोडणे हा बदल झाला. चेसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर कधीही लावू नये आणि कुणी कितीही पैसे दिले तरी नवा नंबर ठोकू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात अडकणारा पहिला माणूस कारागीर असतो. ५० वर्षांवरील गाड्यांसाठी जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. तिच्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावे लागते. अशी गाडी आली तर जेवढा जुना पत्रा वाचेल तेवढा वाचवणे हेच खरे कसब, आणि त्याची मजुरीही तशीच मागावी.

कारागिराच्या जिवाचे काय

गाडीचा गंज काढताना स्वतःची छाती गंजू देऊ नये. जुन्या रंगात आणि सिंदुरी प्रायमरमध्ये शिसे असते, त्याची कोरडी धूळ विषारी आहे. वाळूचा मारा करून गंज काढणाऱ्याला सिलिकोसिस होतो, शिवाय त्या माऱ्याने पातळ पत्रा वाकतो. टू-पॅक रंगातल्या हार्डनरच्या वाफेने कायमचा दमा जडू शकतो, तिथे तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो. त्याची किंमत एका डब्याच्या रंगाइतकीही नसते. शागीर्द म्हणून ठेवलेल्या मुलाला आधी मास्क आणि चष्मा द्यावा, मग हातोडा. आणि त्याला आय.टी.आय.चा वेल्डिंगचा अभ्यासक्रम करायला सोडावे. हाताला सवय उस्तादाकडून मिळते, पण आखाडा मोठा झाला की प्रमाणपत्रही विचारले जाते.

नव्या गाड्यांची दुरुस्ती विम्याच्या कॅशलेस सोयीमुळे कंपन्यांच्या वर्कशॉपकडे चालली आहे. तिथे पत्रा ठोकत नाहीत, पूर्ण भाग बदलतात. आपल्या हाती उरते ते काम ज्याचा भाग बाजारात मिळत नाही, जे हाताने घडवावे लागते. जुनी जीप हे असे काम आहे. ते आपण लांबीखाली गाडले तर दहा वर्षांनी आपल्याला ते कुणी विचारणार नाही.

म्हणून सूचना एवढीच. येत्या दिवाळीनंतर दारात येणाऱ्या पहिल्या जीपपासून सुरुवात करावी. मॅट उचलावी, चुंबक फिरवावे, जे आहे ते मालकाला दाखवावे आणि कागदावर लिहावे. एका गावातल्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून असे ठरवले, तर समोरच्या गॅरेजात गिऱ्हाईक जाण्याची भीतीही उरणार नाही.